दवाही, दुवाही

गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. ‘बाहेरचं झालंय’, ‘करणी केलीय’ असं ज्यांच्याबद्दल घरचे म्हणतात, अशी माणसं इथे वर्षानुवर्षं आणली जातात. त्यांत हिंदू असतात तसे मुसलमानही, आणि महाराष्ट्रातूनही कुटुंबं येतात. याच दर्ग्याच्या आवारात 2008 साली मानसोपचाराचा दवाखाना सुरू झाला. एका स्वयंसेवी संस्थेने आणि गुजरात सरकारने मिळून उभारलेल्या या उपक्रमाचं नाव ‘दवा-दुवा’. तिथलं काम कसं चालतं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा मुजावरांचा, म्हणजे दर्ग्याची सेवा करणाऱ्यांचा. दर्ग्यात आलेलं कुटुंब आपलं गाऱ्हाणं आधी त्यांच्यापुढे मांडतं. म्हणून गंभीर मानसिक आजाराची लक्षणं ओळखायला मुजावरांनाच शिकवलं गेलं. झोप उडाली आहे का, खाणंपिणं सुटलं आहे का, कुणी नसताना आवाज ऐकू येतात का, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे विचारायला पदवी लागत नाही. ज्याच्यापाशी मन मोकळं होतं, अशा माणसाने ते विचारावं लागतं.

दुसरा टप्पा दवाखान्यात जाण्याचा. मुजावर दुवा करतात आणि म्हणतात, आता डॉक्टरांनाही दाखवा. सगळी मेख या एका वाक्यात आहे. हेच वाक्य परक्या डॉक्टरने ‘हे सारं सोडा’ या सुरात म्हटलं असतं, तर कुटुंब उठून गेलं असतं. श्रद्धेच्या माणसाने म्हटलं की गोळी घेणं हा श्रद्धेचा अपमान उरत नाही.

तिसरा टप्पा उपचारांचा. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात भास आणि संशय आटोक्यात आणायला औषधं लागतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायलाही साधारण दोन ते चार आठवडे जातात. हा काळ फार नाजूक. गुण येत नाही म्हणून घरचे औषध थांबवतात, किंवा थोडं बरं वाटताच आपल्या मनाने बंद करतात आणि आजार उलटतो. या दिवसांत दुवा माणसाला धीर देते, आणि मुजावर ‘गोळ्या चालू आहेत ना?’ असं विचारू शकतात.

मग श्रद्धेचा स्वतःचा गुण काहीच नाही का? आहे. तमिळनाडूतल्या एका देवळात राहायला आलेल्या 31 मनोरुग्णांचा अभ्यास 2002 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. औषधांविना सरासरी सहा आठवडे तिथे राहिल्यावर त्यांच्या लक्षणांची तीव्रता जवळपास वीस टक्क्यांनी घटली होती. तिथे खास विधी नव्हते. आसरा होता, देवळातली हलकी कामं होती, हिणवणारं कुणी नव्हतं. अभ्यास लहान आहे, त्यावरून औषधं सोडायची नाहीत. पण आपुलकीने सामावून घेणारी जागा आजारी मनाला आधार देते, एवढं त्यातून नक्की कळतं.

अशी जागा क्रूर झाली तर काय होतं, हे एरवाडीने दाखवलं. तमिळनाडूतल्या या दर्ग्याच्या गावी 6 ऑगस्ट 2001 रोजी एका खासगी मनोरुग्णगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आलं नाही. 28 जणांचा मृत्यू झाला. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई केली आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

आपल्या घरी अशी वेळ आली तर आजीचा अंगारा, आईचा उपास, वडिलांची वारी चालू राहू द्या. त्यावरून वाद घालण्यात दिवस घालवू नका. डॉक्टरांनाही हे मोकळेपणाने सांगा; रुग्ण कशावर विसंबून आहे, हे त्यांना कळायला हवं. मात्र औषध बंद करायला सांगणारा, उपाशी ठेवणारा, बांधणारा, मारणारा किंवा पैसे उकळणारा कुणीही असो, त्याच्यापासून रुग्णाला लगेच दूर न्या. कुठे जावं सुचत नसेल तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेला 14416 या क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.