वजन घटविण्यासाठी प्रथिनांचा अतिरेक

वाढलेले वजन त्वरेने उतरविण्यासाठी भात-भाकरी वर्ज्य करून अंडी, मांस, पनीर किंवा डब्यातील प्रथिनांची भुकटी यांवर राहण्याची प्रवृत्ती अलीकडे शहरांतून वाढली आहे. आरंभीच्या आठ-दहा दिवसांत वजन झपाट्याने उतरते, हे खरे. परंतु या घटीत पाण्याचा वाटा मोठा असतो. पिष्टमय पदार्थ बंद होताच यकृत व स्नायूंतील शर्करेचा साठा खर्ची पडतो आणि त्याच्यासमवेत साठलेले सुमारे तिप्पट पाणी शरीराबाहेर जाते. आहार पूर्ववत होताच ते परत येते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार निरोगी प्रौढास वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलो वजनास सुमारे ५० ग्रॅम प्रथिने दररोज पुरेशी होतात. वजन उतरविताना स्नायूंची झीज टळावी म्हणून याहून थोडी अधिक घेणे इष्ट असते; प्रथिनांनी भूकही लवकर शमते. मात्र जादा प्रथिने शरीरात साठत नाहीत. त्यांतील नत्राचे यकृतात युरिया बनते व ते बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांवर पडते. निरोगी मूत्रपिंडे हा भार बहुधा पेलतात. मधुमेही व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांची मूत्रपिंडे मात्र अगोदरच दुबळी झालेली असू शकतात, आणि दुखणे बळावेपर्यंत रुग्णास त्याचा पत्ताही नसतो. अशांनी रक्तातील क्रिॲटिनीन व लघवीतील अल्ब्युमिन तपासून घेतल्यावाचून हा मार्ग धरू नये.

अमेरिकेत १९७६-७७ च्या सुमारास केवळ द्रवरूप प्रथिनांवर राहण्याची लाट आली होती. जनावरांच्या कातड्यापासून काढलेली ती निकृष्ट प्रथिने होती. त्यांवर राहणाऱ्या पन्नासहून अधिक व्यक्तींच्या मृत्यूंची नोंद झाली. अनेकांच्या हृदयाच्या ठोक्यांत बिघाड आढळला. नाव आहाराचे असले तरी ती उपासमारच होती.

उष्मांक अपुरे पडले की शरीर प्रथिनांचेच इंधन करते. भारतीयांच्या आहारात खरी उणीव प्रथिनांपेक्षा एकूण अन्नाचीच आहे, असे डॉ. गोपालन व सातारा जिल्ह्यातील डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९७० च्या दशकात आग्रहाने मांडले, ते याच आधारावर.

पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत प्रथिनांच्या भुकट्या टाळण्याचा सल्ला आहे. त्यांत साखर, कृत्रिम गोडी व स्वादद्रव्ये मिसळलेली असू शकतात. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. तीन भाग धान्यास एक भाग डाळ व जोडीला दूध किंवा दही घेतल्यास त्यांचा कसही उत्तम राहतो.