खोकला डॉक्टरांपर्यंत पोहोचतोय का?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातले आमचे डॉक्टरकाका नाडीला हात लावण्याआधीच पेशंटबद्दल बरंच काही ऐकून घेतात. जिना चढून आलेला माणूस एका दमात वाक्य पुरं करतो की मध्येच थांबतो, बाहेर बाकड्यावरचा खोकला कोरडा आहे की कफाचा, सगळीकडे कान. लहान मूल कुत्रा भुंकल्यासारखं खोकत असेल, तर स्वरयंत्राजवळ सूज असू शकते. डांग्या खोकल्यात उबळ संपताना श्वास आत ओढल्याचा लांब 'हूप' येतो.

ही विद्याच मुळी रोजच्या आवाजांवर उभी आहे. ऑस्ट्रियातले लेओपोल्ड आउएनब्रुगर हे खानावळवाल्याचा मुलगा. पिंप ठोकून त्यात वाइन कुठवर आहे हे ओळखायची रीत त्यांनी लहानपणी पाहिली होती, असं सांगतात. १७६१ मध्ये त्यांनी छाती बोटांनी ठोकून निदान करण्यावर पुस्तक लिहिलं. छातीत पाणी साचलं की भरल्या पिंपासारखा बद्द आवाज येतो. १८१६ मध्ये पॅरिसच्या रेने लेनेक यांनी कागदाची गुंडाळी छातीला लावून ऐकलं, तिथून स्टेथोस्कोप आला. फुफ्फुसातली बारीक करकर कशी असते? कानाजवळचे केस चिमटीत धरून चोळा. अगदी तशीच!

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. माझ्यासारखे बरेच जण नोकरीसाठी पुण्या-बंगळुरात, आई-बाबा वडोदऱ्यातच. मग डॉक्टर व्हिडिओ कॉलवर. पण कॉलच्या अ‍ॅपमधली गोंगाट गाळणारी सोय बोलणं राखायला बनवलेली असते. मिक्सर आणि पंख्याबरोबर ती खोकला, घरघर, श्वासही गाळू शकते. डॉक्टरांना आईचं "बरी आहे हो मी" तेवढं स्वच्छ ऐकू येतं! म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद करा. रात्रीचा खोकला शांत खोलीत फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, त्याचं वर्णन करत बसू नका.

लहान मुलांचे श्वास मात्र घरीच मोजता येतात. मूल शांत असताना, अंगावरचा कपडा वर करून, पूर्ण एक मिनिट. २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर दवाखाना गाठा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर कॉल लावण्यात वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटलात न्या.