जखमेचे दप्तर

एकाच राज्यातील लोक दोन पक्षांत विभागून परस्परांवर शस्त्र धरतात, त्या युद्धाला मराठीत महाभारतातील यादवकुलाच्या अंतावरून ‘यादवी’ हे नाव रूढ झाले आहे. गुलामगिरीच्या प्रश्नावरून संघराज्यातून फुटून निघालेली दक्षिणेकडील अकरा राज्ये आणि संघराज्याचे सरकार यांच्यात १८६१ ते १८६५ या काळात झालेले अमेरिकेतील यादवी युद्ध मराठी वाचकाला बहुधा कापसाच्या वाटेने परिचित असते. लिव्हरपूलला जाणारा अमेरिकी कापूस अडला, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईचा शेअरबाजार कोसळला, एवढी हकीकत आपल्याकडील इतिहासग्रंथांत येते. प्रत्यक्ष अमेरिकेत मात्र या युद्धाचा इतिहास फार मोठ्या प्रमाणावर घराघरांतून जपला गेला आहे. सुमारे ६ लाख २० हजार सैनिकांचे बळी घेणाऱ्या (हा दीर्घकाळ प्रचलित असलेला अंदाज, अलीकडचे अभ्यासक आकडा याहून बराच वर नेतात) या युद्धात पणजोबा किंवा खापरपणजोबा लढला, जखमी झाला आणि परत आला, ही गोष्ट तेथील असंख्य कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

अशा घरगुती कथेला आपल्या परिभाषेत बखर म्हणावे लागेल. तिच्यात पराक्रम असतो, सेनापतीची शाबासकी असते, पण जखमेचा उल्लेख एका वाक्यात उरकलेला असतो. तिच्याशी ताडून पाहण्याजोगे दप्तर वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्याचे मुख्य भाग दोन. पहिला सेवानोंदींचा, ज्यात हजेरीपटांवरून प्रत्येक सैनिकाची भरती, हजेरी, बढती आणि जखम यांचे त्रोटक उल्लेख उतरवलेले असतात. दुसरा पेन्शनच्या फायलींचा, आणि वंशजांच्या दृष्टीने खरे धन येथेच आहे. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने युद्धात पूर्णपणे अपंग झालेल्या साध्या शिपायाला दरमहा ८ डॉलर आणि लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरील अधिकाऱ्याला ३० डॉलर मंजूर झाले. २७ जून १८९० च्या कायद्याने किमान ९० दिवस सेवा केलेल्या आणि शारीरिक श्रमास असमर्थ झालेल्या माजी सैनिकाला, त्याचे अपंगत्व युद्धातून आलेले नसले तरीही, पेन्शनचा हक्क दिला. दक्षिणेच्या सैनिकांना मात्र संघराज्याकडून काही मिळाले नाही. त्यांना त्यांच्या त्यांच्या राज्यांनी पेन्शन दिले, म्हणून त्यांच्या वंशजांना राज्यांच्या अभिलेखागारांत शोध घ्यावा लागतो. या व्यवस्थेचा शेवटचा धागा तुटला तो ३१ मे २०२० रोजी, जेव्हा एका सैनिकाची मुलगी वारली आणि तिला दरमहा मिळणारे ७३ डॉलर १३ सेंट बंद झाले.

पेन्शन मागणाऱ्याने आपली जखम सिद्ध करावी, अशी कायद्याची अपेक्षा होती, आणि या अपेक्षेतूनच हे दप्तर वाढत गेले. सैनिकाला सरकारी डॉक्टरांपुढे उभे राहावे लागे. ते व्रणाची जागा, लांबी, सांध्याची हालचाल आणि स्नायूंची झीज मोजून प्रमाणपत्र लिहीत. सोबत्यांच्या साक्षी घेतल्या जात, विधवेला विवाहाचा पुरावा द्यावा लागे, मुलांच्या जन्माविषयी सुईणींची निवेदने जोडली जात. संघराज्याच्या सैन्यात लढलेल्या सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या बाबतीत तर या फायलींचे मोल फारच वाढते. त्यांतील अनेकांनी गुलामीतले नाव टाकून दुसरे घेतले होते, त्यामुळे तोच हा माणूस हे ठरवण्यासाठी तपासनीसांनी शेजाऱ्यांचे आणि नातलगांचे जबाब नोंदवले, आणि ज्यांना लिहिणे शिकण्याची बंदी होती त्यांचे आयुष्य अशा रीतीने त्यांच्याच शब्दांत कागदावर आले.

दावे तपासण्यासाठी युद्धखात्याने हजेरीपट आणि रुग्णालयांच्या वह्या यांतील मजकूर सैनिकागणिक स्वतंत्र कार्डांवर उतरवून घेतला. हे काम करणारे कारकून वॉशिंग्टनमधील फोर्ड नाट्यगृहाच्या इमारतीत, म्हणजे १४ एप्रिल १८६५ च्या रात्री लिंकन यांच्यावर जेथे गोळी झाडली गेली त्याच वास्तूत, बसत असत. कार्डांच्या या कामापूर्वी काही वर्षे तेथेच सैनिकांच्या भग्न अस्थी जतन करणारे लष्करी वैद्यकीय संग्रहालय होते. ९ जून १८९३ रोजी तळघरातील खोदकामामुळे इमारतीचे मजले आतल्या आत कोसळले आणि २२ कारकून ठार झाले. युद्धाच्या नोंदी जुळवताना मेलेल्या या माणसांची आठवण लिंकन यांच्या छायेत जवळजवळ पुसली गेली आहे, हे अन्यायाचे वाटते.

त्या जखमा इतक्या भयंकर का होत्या, याचे उत्तर मिनिए गोळीत आहे. फ्रेंच अधिकारी क्लोद-एत्येन मिनिए याच्या नावाने ओळखली जाणारी ही शंक्वाकृती शिशाची गोळी बुडाशी पोकळ असे. बार उडताच तिचा बुडखा फुगून नळीतील सर्पिल खाचांत घट्ट बसे, त्यामुळे ती गिरकी घेत दूरवर अचूक जाई, आणि मऊ असल्याने हाडावर आदळताच चपटी होऊन त्याचा चुरा करी. संघराज्याच्या सैन्यात सुमारे ३० हजार अवयवच्छेदनांची नोंद झाली ती प्रामुख्याने यामुळे. हातपाय कापून प्राण वाचवता येई. ओटीपोटात शिरलेल्या गोळीवर तसा उपाय नव्हता. जंतुनाशक शस्त्रक्रियेविषयी जोसेफ लिस्टर यांचे लेखन प्रसिद्ध झाले १८६७ मध्ये, युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी.

बखर आणि दप्तर यांच्यातील अंतर जोशुआ लॉरेन्स चेंबरलेन यांच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते. १८२८ मध्ये मेन राज्यातील ब्रूअर येथे जन्मलेले चेंबरलेन बोडन महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि १८६२ मध्ये ते विसाव्या मेन पायदळ पलटणीत लेफ्टनंट कर्नल म्हणून दाखल झाले. त्यांचा धाकटा भाऊ टॉमसही त्याच पलटणीत होता. २ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गच्या लढाईत लिटल राउंड टॉप या टेकडीवर दारूगोळा संपत आलेला असताना या पलटणीने संगिनी रोखून उतारावरून चढाई केली. स्मारके, कादंबऱ्या आणि चित्रपट यांनी हाच प्रसंग चिरस्थायी केला आहे.

त्यानंतर वर्ष पुरे होण्याच्या आत, १८ जून १८६४ रोजी, व्हर्जिनियातील पीटर्सबर्गच्या तटबंदीवर ब्रिगेडचे नेतृत्व करीत असताना चेंबरलेन यांच्या उजव्या खुब्यातून गोळी शिरली आणि मूत्राशय व मूत्रमार्ग यांना इजा करीत डाव्या खुब्यापर्यंत गेली. आपण कोसळलो तर सैनिकांचा धीर सुटेल म्हणून त्यांनी तलवार जमिनीत रोवली आणि रक्तस्रावाने शक्ती जाईपर्यंत तिच्या आधाराने ते उभे राहिले. टॉमसने शोधून आणलेल्या दोन शल्यविशारदांनी, विसाव्या मेनचे ॲबनर शॉ आणि चव्वेचाळिसाव्या न्यूयॉर्कचे मॉरिस टाउनसेंड यांनी, आशा नसतानाही शस्त्रक्रिया केली. मरणोन्मुख समजून संघराज्याचे सरसेनापती जनरल ग्रँट यांनी त्यांना ब्रिगेडियर जनरल केले, आणि वृत्तपत्रांतून त्यांच्या मृत्यूची वार्ताही छापून आली. मृत्यू मात्र आला नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते पुन्हा रणांगणावर होते, आणि १२ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स येथे दक्षिणेच्या पायदळाने शस्त्रे खाली ठेवली तेव्हा ती स्वीकारण्यास तेच उभे होते.

येथे बखर संपते. मूत्रविसर्जनासाठी बसवलेली धातूची नळी फार दिवस आत राहिल्याने चेंबरलेन यांना नाडीव्रण, म्हणजे आतील मार्गापासून त्वचेपर्यंत उघडा राहणारा कायमचा व्रण, जडला होता. तो पुढील सर्व आयुष्यात वारंवार पिकत राहिला. मेनचे गव्हर्नर म्हणून चार कार्यकाळ, त्यानंतर १८७१ पासून १८८३ पर्यंत बोडनचे अध्यक्षपद, हे सारे त्यांनी या वेदनेसह पार पाडले. १८८३ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी त्यांनी महाविद्यालय सोडले. गेटिसबर्गसाठीचे सन्मानपदक त्यांना १८९३ मध्ये मिळाले, तोपर्यंत लिटल राउंड टॉपला तीस वर्षे लोटली होती. पीटर्सबर्गची जखम मात्र अजून ओलीच होती. पावणेपन्नास वर्षे तिने त्यांची पाठ सोडली नाही. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी पोर्टलंड येथे, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्या जुन्या जखमेतील जंतुसंसर्गानेच त्यांचा मृत्यू झाला, आणि तेव्हा त्यांच्या उशाशी असलेले डॉक्टर होते ॲबनर शॉ.