दुकान बंद ठेवून शिकायला जावे का?

पावर हाउसच्या बाजारात तुमचे शिवणकामाचे दुकान असेल, तर प्रशिक्षणाचे नाव निघताच तुम्ही म्हणाल, "वीस वर्षे असेच चालले आहे, आता काय शिकायचे?" खरी अडचण बहुधा वेगळी असते. दुकान बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडाली. म्हणून कोणत्याही वर्गाचा खर्च काढताना फीसोबत ही बुडीत कमाईही धरा.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेने ती धरली आहे. शिंपी, न्हावी, सुतार अशा १८ व्यवसायांतील पात्र कारागिरांना ५ ते ७ दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण मोफत मिळते, शिवाय रोज ५०० रुपये. पुढे ५ टक्के व्याजाने १ लाखापर्यंत विनातारण कर्जाची सोय आहे. ते घ्यायलाच हवे असे नाही.

आणि शिकणे गटात सोपे जाते. सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या बायकांचा बँकेसाठीचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या मिळून अक्षरे आणि हिशेब शिकल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

वर्गाला जाताना मागच्या महिन्याची जमाखर्चाची वही सोबत घ्या. नसेल, तर आजपासून लिहा.