‘ड्रॅगन’ला मराठीत काय म्हणावे? : सर्पकथा, शब्द आणि परंपरा

१. उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला :
• ‘ड्रॅगन’, ‘अहि’, ‘नाग’, ‘अजगर’ या शब्दांची व्युत्पत्ती आणि त्यांमागील कल्पना सांगता येतील.
• कथेतील प्राण्याचे रूप आणि त्याचे कार्य यांत फरक करता येईल.
• वध, दमन आणि नाते या तीन सूत्रांच्या आधारे सर्पकथांचे वर्गीकरण करता येईल.
• सांस्कृतिक संकल्पनेचे भाषांतर करताना कोणत्या अडचणी येतात, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.

२. प्रस्तावना

मुंबईतील माहीम येथे सेंट मायकेलचे चर्च आहे. १५३४ च्या वसईच्या तहाने मुंबईची बेटे पोर्तुगिजांकडे गेली आणि त्याच शतकात या चर्चची स्थापना झाली. आजची वास्तू १९७३ मधील आहे. दर बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेसाठी तेथे सर्व धर्मांचे लोक येतात. हे चर्च ज्याच्या नावाने ओळखले जाते तो मायकेल हा देवदूतांचा सेनापती होय. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, म्हणजे ‘प्रकटीकरणा’त, तो स्वर्गात एका प्रचंड ड्रॅगनशी युद्ध करतो आणि त्याला खाली लोटतो. म्हणूनच ख्रिस्ती चित्रशिल्पांत मायकेलच्या हाती शस्त्र आणि पायाखाली ड्रॅगन दाखवण्याची प्रथा आहे.

याच माहीममध्ये श्रावण शुद्ध पंचमीला घरोघरी पाटावर किंवा भिंतीवर गंधाने नाग काढला जातो. त्याला दूध आणि लाह्या यांचा नैवेद्य दाखवला जातो. स्त्रिया त्याला भाऊ मानतात. एका परंपरेत सर्परूपी प्राणी पायाखाली तुडवायचा शत्रू आहे, तर दुसऱ्या परंपरेत तो माहेरचा माणूस आहे. या दोन्ही परंपरा शेजारी नांदतात आणि माहीम, वांद्रे, वसई या पट्ट्यातील ईस्ट इंडियन समाज तर ख्रिस्ती असून मराठीची बोली बोलणारा आहे. मग मराठीत मायकेलच्या पायाखालच्या प्राण्याला काय म्हणावे? नाग? अजगर? की सरळ ‘ड्रॅगन’? हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. एक संस्कृती भयाशी कोणते नाते जोडते, हे त्यातून कळते.

३. विषय-विवेचन

३.१ शब्दांची कुळे

‘ड्रॅगन’ हा शब्द ग्रीक ‘द्राकोन’ या शब्दापासून लॅटिन व फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘मोठा सर्प’ एवढाच होता. आज आपल्या डोळ्यांपुढे येणारे पंख, पाय आणि तोंडातील आग ही रूपवैशिष्ट्ये युरोपात मध्ययुगात हळूहळू रूढ झाली. भाषाशास्त्रज्ञांच्या सर्वसाधारण मतानुसार ‘द्राकोन’ हा शब्द ‘पाहणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूशी संबंधित आहे आणि तो धातू संस्कृत ‘दृश्’ या धातूचा सगोत्र आहे. याचा अर्थ असा, की ‘ड्रॅगन’ आणि आपले ‘दृष्टी’, ‘दर्शन’ हे शब्द एकाच कुळातले ठरतात. ड्रॅगन म्हणजे ‘रोखून पाहणारा’. सापाला हलणाऱ्या पापण्या नसतात, त्यामुळे त्याची नजर स्थिर भासते. साप मारणाऱ्याला लक्षात ठेवून ‘डूख धरतो’ ही आपल्याकडील समजूत याच नजरेच्या भीतीतून आलेली दिसते.

वेदांतील ‘अहि’ या शब्दाचे कूळही दूरवर पसरलेले आहे. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेत त्याचे रूप ‘अझि’ असे आहे. तेथील ‘अझि दहाक’ या राक्षसी सर्पाच्या नावावरून फार्सीत ‘अझदहा’ म्हणजे ड्रॅगन हा शब्द आला. त्याला जिंकणारा वीर पुढे ‘फरेदून’ या नावाने प्रसिद्ध झाला. हे नाव आजही पारशी कुटुंबांत आढळते.

‘सर्प’ हा शब्द ‘सृप्’ म्हणजे सरपटणे या धातूपासून आला असून लॅटिन ‘सेर्पेन्स’ हा त्याचा सगोत्र आहे. प्राकृत ‘सप्प’मधून मराठी ‘साप’ सिद्ध झाला. ‘अजगर’ म्हणजे ‘अज’ गिळणारा, बकरे गिळणारा. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ‘द्राकोन’ या नावात नजर आहे, ‘सर्प’ या नावात चाल आहे आणि ‘अजगर’ या नावात भूक आहे. प्राणी एका वर्गातले असले, तरी प्रत्येक नावाने त्यांचा वेगळा पैलू पकडला आहे.

मराठी बोलींत तर नाव टाळण्याचीच रीत आहे. रात्री सापाचे नाव घेऊ नये म्हणून ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हटले जाते. साप चावला असे न म्हणता ‘पान लागलं’ असे म्हणतात. भाषाविज्ञानात अशा शब्दांना निषेधजन्य पर्यायशब्द म्हणतात. ज्याचे नाव उच्चारायला भाषा कचरते, त्याच्याविषयी त्या समाजाला भय आणि आदर दोन्ही वाटत असतात.

३.२ रूप आणि कार्य

लोककथेच्या अभ्यासात प्राणी कसा दिसतो यापेक्षा तो कथेत काय करतो, हे महत्त्वाचे असते. जगभरच्या ड्रॅगनकथा तपासल्या तर त्याची काही ठळक कार्ये दिसतात : तो पाणी अडवतो, धन राखतो, बळी मागतो आणि विश्वाच्या व्यवस्थेला आव्हान देतो. नायक त्याला मारून राजकन्येला सोडवतो, या कथाप्रकाराला आर्ने, थॉम्पसन आणि उथर यांच्या आंतरराष्ट्रीय कथासूचीत ३०० हा क्रमांक दिलेला आहे. सेंट जॉर्जची कथा याच प्रकारची आहे. इंग्लंडचा हा संरक्षक संत मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या नावात आपल्याला रोज भेटतो.

हीच कार्ये आपल्या परंपरेत शोधली तर ती सापडतात, परंतु एका प्राण्यात एकवटलेली नसतात. पाणी अडवतो तो वेदांतील वृत्र. ‘वृ’ म्हणजे आवरणे, झाकणे, आणि ऋग्वेदात त्याला ‘अहि’ असेच म्हटले आहे. धन राखतो तो ठेव्यावरचा भुजंग. कृपण माणूस मेल्यावर आपल्या पुरलेल्या धनावर साप होऊन बसतो, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. युरोपातील धनरक्षक ड्रॅगन फाफनिर याचाच भाऊ शोभतो. पृथ्वी पेलतो तो शेष. अनेक प्राण्यांची अंगे जोडून घडवलेले भीषण रूप हवे असेल, तर ते शिल्पात सापडते. मंदिराच्या तोरणावरील मकर आणि महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ ही त्याची उदाहरणे. मात्र शरभ हा बळाचे प्रतीक म्हणून दारावर बसतो. नायकाने मारावा म्हणून तो तेथे नसतो.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. मराठीत ‘ड्रॅगन’ला एकच प्रतिशब्द नाही, याचे कारण कल्पनेचे दारिद्र्य हे नव्हे. ड्रॅगनची कार्ये आपल्याकडे अनेक प्राण्यांत वाटली गेली आहेत, हे त्याचे कारण आहे.

३.३ वध, दमन आणि नाते

सर्पाशी माणसाचा संबंध कोणता, या निकषावर आपल्या कथांचे तीन गट पडतात.

(अ) वध : इंद्राने वज्राने वृत्राला मारले आणि अडलेले पाणी वाहते केले. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील ३२ वे सूक्त याच पराक्रमाचे आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवले, की ‘वीराने सर्पाला मारले’ हे वाक्यसूत्र वैदिक, अवेस्ती, ग्रीक, जर्मानिक अशा अनेक भाषांतील काव्यात आढळते आणि त्याचे मूळ आद्य इंडो-युरोपीय काव्यपरंपरेत असावे. या कुळाचा विचार करता इंद्र आणि सेंट जॉर्ज हे फार परके नाहीत.

(आ) दमन : कालिया नागाने यमुनेचा डोह विषारी केला. कृष्णाने त्याच्या फण्यांवर नृत्य करून त्याला नमवले. परंतु नागपत्नींनी विनवणी केल्यावर त्याला मारले नाही, तर डोह सोडून जायला सांगितले. शत्रूलाही राहायला जागा आहे, फक्त ती ही नव्हे, असा या कथेचा न्याय आहे.

(इ) नाते : महाभारताच्या आरंभीच सर्पसत्राची कथा येते. तक्षकाने परीक्षिताला मारले म्हणून जनमेजय सर्व सर्पांना यज्ञात जाळू लागतो. तो संहार थांबवतो आस्तिक. त्याचे वडील ऋषी आणि आई नागकुळातील, वासुकीची बहीण. दोन्ही कुळांचे रक्त ज्याच्या अंगात आहे, तोच सूडाची साखळी तोडू शकतो.

३.४ नागपंचमीची कहाणी : सूडाचे नात्यात रूपांतर

नात्याचे सूत्र सर्वांत हृद्य रूपात दिसते ते नागपंचमीच्या कहाण्यांत. त्यांतील एका कहाणीत माहेर नसलेली एक धाकटी सून आहे. नागपंचमीला आपल्याला कोणीतरी माहेरी न्यावे, असे तिला वाटते. शेषाला तिची दया येते आणि तो मामा होऊन तिला आपल्या घरी नेतो. तेथे नागीण बाळंत होत असताना सुनेच्या हातून दिवा पडतो आणि पिल्लांची शेपटे भाजतात. पुढे मोठी झालेली ती पिल्ले सूड घेण्यासाठी तिच्या घरी येतात. तो दिवस नागपंचमीचा असतो. सून नागांची चित्रे काढून पूजा करते आहे आणि आपले भाऊ जेथे असतील तेथे खुशाल असोत, अशी प्रार्थना करते आहे, हे ती ऐकतात. त्यांचा राग मावळतो आणि जाताना ती तिच्यासाठी नवरत्नांचा हार ठेवून जातात.

या कथेची रचना ड्रॅगनकथेशी ताडून पाहा. धोका आहे, सर्प आहे, शेवटी धनही आहे. मात्र तलवार नाही. नायकाच्या जागी घरातली सर्वांत दुर्बल व्यक्ती आहे आणि तिचे शस्त्र म्हणजे एक नातेवाचक शब्द : ‘भाऊ’. युरोपीय कथेत नायक धन मिळवतो ते रक्षकाला मारून. येथे रक्षकच ते बहिणीला भेट देतो. दुसऱ्या प्रसिद्ध कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराने नागिणीची पिल्ले मरतात आणि ती त्याच्या घरादाराला दंश करते. शेवटी त्याच्या सासरी असलेल्या मुलीची पूजा पाहून ती संतुष्ट होते व सर्वांना जिवंत करते.

आचारही या कथांच्या तर्कानुसार घडला आहे. या दिवशी नांगरू नये, चिरू-कापू नये, तवा ठेवू नये, असे नियम आहेत. म्हणून पुरणाची दिंडे उकडून केली जातात. नकळत झालेल्या इजेची जाणीव ठेवून एक दिवस लोखंड आणि आग बाजूला ठेवणे, असा या नियमांचा अर्थ लावता येतो. पेरणीनंतरच्या दिवसांत शेतकरी आणि साप एकाच जमिनीवर वावरत असतात, हा त्यामागील व्यवहार आहे. साप उंदीर खातो, पण चावतोही. त्याला संपवणे शक्य नाही आणि इष्टही नाही. अशा शेजाऱ्याशी कथा नाते जोडते.

३.५ भाषांतरकारापुढील पेच

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दोन ऐतिहासिक उदाहरणे उपयोगी पडतील.

बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषांतर करताना ‘नाग’ या शब्दासाठी चिनी ‘लुंग’ म्हणजे ड्रॅगन हा शब्द वापरला गेला आणि ‘नागराज’ तेथे ‘ड्रॅगनराज’ झाला. चिनी ड्रॅगन पाऊस देणारा, शुभ आणि राजवैभवाचे चिन्ह असणारा आहे. पाण्याशी आणि पावसाशी असलेला संबंध नाग व लुंग यांत समान होता. रूप जुळत नसतानाही कार्य जुळले, म्हणून हे भाषांतर टिकले.

मराठी बायबलमध्ये प्रकटीकरणातील ड्रॅगनसाठी ‘अजगर’ हा शब्द आला आहे. या निवडीचा परिणाम विचारात घ्या. तेथे ‘नाग’ शब्द आला असता, तर सैतानाला शेजाऱ्याच्या देवाचे नाव मिळाले असते. अजगराची पूजा होत नाही, त्याच्या नावाने व्रत नाही. प्रचंड आकार आणि गिळण्याची भूक हे अर्थ मात्र त्याच्या नावातच आहेत. त्या बदल्यात काही गमावलेही : अजगर बिनविषारी असतो आणि तो कोणाच्या धनावर बसत नाही.

आजचे बालसाहित्य व चित्रपट ‘ड्रॅगन’ हा शब्द जसाच्या तसा घेतात. आग ओकणाऱ्या पंखधारी प्राण्यापुरते ते योग्यच आहे, कारण ते रूप येथे बाहेरूनच आले. परंतु वृत्राला किंवा कालियाला ‘भारतीय ड्रॅगन’ म्हणणे, अथवा नागोबाला ‘सर्पराक्षस’ म्हणणे दिशाभूल करणारे ठरते. पहिल्यात आपले वैविध्य एका शब्दात कोंबले जाते आणि दुसऱ्यात भाऊ शत्रू होतो. तेव्हा भाषांतरकाराने प्रथम विचारावे : हा प्राणी कथेत काय करतो, आणि माणसे त्याच्याशी कसे वागतात? शब्द त्यानंतर निवडावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) ‘द्राकोन’ या शब्दाशी सगोत्र असलेला संस्कृत धातू कोणता?
(२) सर्पसत्र कोणी थांबवले?
(३) ‘पान लागणे’ हा कोणत्या प्रकारचा शब्दप्रयोग आहे?

४. सारांश

‘ड्रॅगन’ हे एका प्राण्याचे नाव असण्यापेक्षा अनेक कथाकार्यांचे एकत्रित नाव आहे. भारतीय परंपरेत ती कार्ये वृत्र, कालिया, शेष, ठेव्यावरचा भुजंग यांच्यात विभागली गेली. सर्पवधाचे प्राचीन सूत्र आपल्याकडेही आहे. तथापि त्याच्या जोडीने दमनाची आणि नात्याची सूत्रे वाढली. मराठी स्त्रियांच्या कहाण्यांनी नात्याच्या सूत्राला घरगुती आणि सर्वांत टिकाऊ रूप दिले. म्हणून भाषांतरात रूपापेक्षा कार्य व संबंध यांना प्राधान्य द्यावे लागते.

५. पारिभाषिक शब्द

सगोत्र शब्द : एकाच मूळ भाषेतील एका शब्दापासून वेगवेगळ्या भाषांत उत्क्रांत झालेले शब्द.
निषेधजन्य पर्यायशब्द : भीती वा आदर यांमुळे मूळ नाव टाळून वापरलेला शब्द.
कथाप्रकार : अनेक प्रदेशांत समान घटनाक्रमाने आढळणारी कथा.

६. स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

(१) वध, दमन आणि नाते या सूत्रांचे सोदाहरण विवेचन करा.
(२) नागपंचमीची कहाणी आणि सेंट जॉर्जची कथा यांची तुलना करा.
(३) क्षेत्रीय कार्य : आपल्या घरातील किंवा परिसरातील ज्येष्ठ स्त्रीकडून नागपंचमीची कहाणी ऐका. ती सांगणारीच्या बोलीत, शब्द न बदलता लिहून काढा. सापासाठी तिने वापरलेले सर्व शब्द वेगळे नोंदवा आणि कोणता शब्द कोणत्या प्रसंगी आला, ते पाहा. छापील कहाणीत न सापडणारा एखादा तपशील तुमच्या वहीत उतरला, तर तो आवर्जून जपून ठेवा. सांगणारी पिढी आहे तोवरच तो मिळणार आहे.