जनावर गेले, पैसे कुठे?

समजा, आपण गुरे विकली. घेणारा म्हणाला, "पैसे उद्या देतो." आणि उद्या कळले, त्याचे दिवाळे निघाले! मग हो काय करायचे?

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांवर हीच पाळी आली. तिकडे मांसासाठी गुरे पाळतात. मोठमोठे कारखाने ती विकत घेतात. जानेवारी १९७५ मध्ये 'अमेरिकन बीफ पॅकर्स' या कंपनीचे दिवाळे वाजले. १३ राज्यांतल्या शेतकऱ्यांचे २ कोटी डॉलरांहून जास्त पैसे अडकले. गुरे परत आणावीत, तर ती केव्हाच कापली गेली होती. कारखान्यातला माल कर्ज देणाऱ्याकडे तारण होता. गुरे पोसली शेतकऱ्याने, आणि पहिला हक्क कर्ज देणाऱ्याचा! आम्हाला तर हा उलटा न्याय वाटतो.

तिथल्या सरकारलाही तसेच वाटले असावे. १९७६ साली कायदा सुधारला. घेतलेली गुरे, त्यांचे मांस आणि मांस विकून आलेला पैसा, हे सारे कारखानदाराने विश्वस्त म्हणून सांभाळायचे. शेतकऱ्याची पै न् पै चुकती होईपर्यंत ते त्याचे नव्हे. देवाचे दागिने पंचांच्या ताब्यात असतात, पण ते काही पंचांचे होत नाहीत. तसेच हे. दिवाळे निघाले तरी आधी शेतकरी, मग कर्ज देणारा. वर्षाला ५ लाख डॉलरांहून जास्त खरेदी करणाऱ्या कारखान्यांना हा नियम लागतो.

पण मधले व्यापारी यातून सुटले होते. २०१० साली इंडियाना राज्यातली एक मोठी व्यापारी पेढी बुडाली. तिचे चेक वटले नाहीत. जामिनाची रक्कम फारच तोकडी पडली. तेव्हा कुठे डिसेंबर २०२० मध्ये मोठ्या व्यापाऱ्यांनाही हाच नियम लावला.

आता यातली मेख पाहा. गुरे दिली की कामाच्या दुसऱ्या दिवशी पैसे मिळायला हवेत. न मिळाले, तर त्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत लेखी मागणी करावी लागते. चेक परत आला, तर ते कळल्यापासून कामाचे १५ दिवस. एक कागद घेणाऱ्याला, एक शेतकी खात्याला. तोंडी सांगितलेले चालत नाही.

आणखी एक. "पैसे सावकाश द्या, माझी हरकत नाही," अशा उधारीच्या कागदावर शेतकऱ्याने सही केली, की हा हक्क गेला. घेणारा तो कागद गोड बोलून पुढे करतो. न वाचता सही करणारा मग दिवाळ्याच्या रांगेत शेवटी उभा राहतो.