समुद्रापार गेलेल्या भावंडास गावची खबर

आपल्याकडील जुनी माणसे पत्र लिहावयास बसली म्हणजे आधी येथील क्षेम कळवीत, तिकडील कुशल विचारीत आणि मगच ‘पत्रास कारण की’ असे लिहून मुख्य मजकुराकडे वळत. 19व्या शतकात आयर्लंडमधील शेतकऱ्यांच्या घरांतून जी पत्रे परदेशी जात, त्यांचा आरंभही असाच ठरीव असे. चार ओळी लिहावयास लेखणी हाती घेतली आहे, देवाच्या दयेने आम्ही सारी खुशाल आहोत, तूही तशीच असशील. पुढे मात्र ‘कारण’ म्हणावे असे काही सापडत नसे. शेजारच्या गायीला वासरू झाले, टेकडीखालच्या घरातली म्हातारी गेली, बटाटा यंदा बरा आहे, अमक्याने बांध सरकवला म्हणून तंटा लागला आहे. अशा फुटकळ वार्तांनी तीनचार पाने भरत, आणि बॉस्टन किंवा न्यूयॉर्क येथे परक्या घरी मोलकरीण म्हणून राबणाऱ्या बहिणीकडे ती रवाना होत. श्रोतेहो, या फुटकळ वार्तांचे मोल काय होते, त्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

1841 च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या 81 लाखांवर होती. 1845 मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळाला आरंभ झाला. त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली, दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. 1851 साली 65 लाख उरली. दुष्काळ सरला तरी ही गळती थांबली नाही. 1890 च्या सुमारास आयर्लंडात जन्मलेल्या दर पाच माणसांपैकी दोघे आयर्लंडबाहेर राहत होते. याचे कारण घरातच होते. जमिनीचे तुकडे पाडण्याचा परिणाम दुष्काळात डोळ्यांनी पाहिल्यावर शेतकऱ्यांनी वाटणीच बंद केली. एका मुलाला शेत, एका मुलीला हुंडा आणि बाकीच्यांना जहाजाचे तिकीट, असा जणू अलिखित कायदाच झाला. जाणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या मुली असत, आणि त्याही बहुधा अविवाहित व एकट्या. म्हणून घरोघरी असे दृश्य दिसे, की शेतावर एक भाऊ आणि समुद्रापलीकडे चारपाच भावंडे.

प्रेताजवळ शेजाऱ्यांनी रात्रभर जागण्याची त्या देशात चाल आहे. तिला ‘वेक’ म्हणतात. अमेरिकेस जाणाऱ्याच्या आदल्या रात्रीही शेजारी तसेच जमत, आणि त्या जागरणाला लोक ‘अमेरिकन वेक’च म्हणत. नाच होई, गाणी होत, आणि पहाटे आईचा हंबरडा ऐकू येई. शिडाच्या जहाजांच्या काळात प्रवासाला पाचसहा आठवडे लागत. परत येणारे थोडेच. ज्याचा मेल्यासारखा निरोप घेतला, त्याला गावच्या शिवेच्या आत ठेवावयाचे तर पत्रावाचून साधन नव्हते.

आता त्या पत्रातील वार्तांकडे पाहू. तेथील वस्तीचा मूळ घटक ‘टाउनलँड’ हे एक लहानसे शिवार असते. अशी साठ हजारांवर शिवारे त्या बेटावर आहेत. पुष्कळ ठिकाणी एका शिवारात मोजकी घरे, आणि त्यांतही अनेकांचे आडनाव एकच. तेव्हा माणूस ओळखावयाचा तो बापाच्या नि आजोबाच्या नावावरून, नाही तर टोपणनावावरून. अशा नावांनी भरलेले पत्र परक्याच्या हाती पडले तर त्याला ओ की ठो कळावयाचे नाही. बहिणीला मात्र वाचता वाचता वाटेवरचे एकेक घर दिसू लागे. तेथे गवताच्या कापणीला, तसेच दलदलीतून जळणाची माती विटांसारखी कापून काढण्याला शेजारी एकमेकांकडे राबावयास जात. त्या प्रथेला ‘मेहल’ म्हणतात. आपल्या इर्जिकीचीच ती बहीण. यंदा मेहलीला कोण आले आणि कोण आले नाही, एवढ्या एका वाक्यावरून कोणाचे कोणाशी बिनसले आहे हे तिला तीन हजार मैलांवर समजे.

या वार्तांत व्यवहारही दडलेला असे. ‘गाय मेली’ ही शेजारच्या घरची वार्ता नव्हे. खंडाचा हप्ता जवळ आला असता ती आपल्याच गोठ्यातली असते. पैसे पाठव असे लिहिण्याचा भावाला संकोच वाटे, कारण वडिलांचे शेत त्याला मिळालेले असे आणि तिला काहीच नाही. म्हणून तो नुसती वार्ता लिहून थांबे. बहीण काय समजावयाचे ते समजे, आणि नाताळच्या आधी अमेरिकेतून येणाऱ्या पाकिटात रक्कम निघे. कधी धाकट्या बहिणीसाठी भरलेले तिकीटही निघे. माझ्या मते या दोघांत अधिक अवघड जागा भावाची होती. शेत हाती असूनही लग्नाला पैसा नाही, आईवडील म्हातारे, आणि जो जो धाकटा कामाला येईल तो तो तिकीट येताच निघून जाणार. ही सर्व माहिती स्वतःच्याच हाताने लिहून कळवावयाची! आर्नल्ड श्रायर या संशोधकाने 1958 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथासाठी आयरिश लोककथा आयोगाने 1955 मध्ये गावोगावच्या वृद्धांकडून अशा आठवणी मागविल्या होत्या. अमेरिकेचे पत्र आले म्हणजे शेजारी चुलीपाशी जमत आणि ते मोठ्याने वाचले जाई, असे त्यांत येते. अर्थात सर्वांसमक्ष वाचले जाणारे पत्र सर्वांनी ऐकण्यापुरतेच खरे असते. तिकडे तीही मालकिणीचा जाच लिहीत नसे, इकडे हाही आईचा खोकला लिहीत नसे.

भाषेची अडचण निराळीच. पश्चिमेकडील पुष्कळ घरांत बोलणे आयरिश भाषेत चाले. परंतु 1831 पासून निघालेल्या सरकारी शाळांत शिकविली जाई ती इंग्रजी. त्यामुळे ज्या भाषेत आईने निरोप दिला तीत लिहिणे मुलांना येतच नव्हते. आई सांगे एका भाषेत, मुलगा लिही दुसरीत. गोव्यात पोर्तुगीज आणि हैदराबाद संस्थानात उर्दू शाळांतून शिकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हा अनुभव समजावून सांगावा लागला नसता.

घरच्या वार्तेत केवढी शक्ती असते याचे एक उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. पश्चिम आयर्लंडातून भरती होणारी ‘कनॉट रेंजर्स’ ही पलटण 1920 साली पंजाबात होती. ब्रिटिश फौज आपल्या गावांतून जुलूम करीत आहे अशा वार्ता सैनिकांच्या कानी आल्या, आणि 28 जून रोजी जालंदर येथे त्यांनी शस्त्रे खाली ठेवली. याच पलटणीतील जेम्स डेली या तरुणास 2 नोव्हेंबर 1920 रोजी डगशाई येथे गोळी घालण्यात आली.

पुढे मार्ग बदलला. 1950 च्या दशकात चार लाखांवर लोक देश सोडून गेले, ते बहुतेक इंग्लंडला; 1961 च्या शिरगणतीत आयर्लंडच्या प्रजासत्ताकात 28 लाख माणसे उरली, इतकी कमी पूर्वी कधी नव्हती. आता पत्राबरोबर जिल्ह्याचे साप्ताहिकही गुंडाळून टपालात पडू लागले. ट्रॅली येथून 1904 पासून निघणाऱ्या ‘द केरीमन’सारख्या पत्रांत गावोगावचे बातमीदार लग्ने, मयते, सामने यांची टिपणे देत, आणि लंडनच्या भाड्याच्या खोलीत ती अग्रलेखाच्या आधी वाचली जात. याच केरी जिल्ह्यालगतच्या ग्रेट ब्लास्केट बेटावरील कितीतरी लोक अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड शहरी जाऊन राहिले. बेटावर कळवावयाची मुख्य वार्ता मग एकच उरली: यंदा कोणते घर बंद झाले. 1953 साली जेमतेम वीसबावीस माणसे राहिली असता सरकारने त्यांना मुख्य भूमीवर आणले, आणि पत्र लिहिणारे घरच तेथे उरले नाही.

आज आयर्लंडातील स्थानिक नभोवाणी केंद्रे रोज गावोगावच्या मृत्युवार्ता वाचून दाखवितात. 2005 साली केवळ मृत्युवार्तांसाठी एक संकेतस्थळही निघाले आहे. बॉस्टनमधील बहिणीला शेजारचा म्हातारा गेल्याचे भावाच्या आधी कळू शकते. दफन कोठे, किती वाजता, हेही तेथे असते. खड्डा खणावयास कोण कोण शेजारी गेले, वर्षानुवर्षे न बोलणारे दोघे दारात एकमेकांशी बोलले काय, आता त्या शेताचे काय होणार, हे मात्र तेथे नसते. त्यासाठी भावालाच विचारावे लागते. तिचे काम आटोपून सायंकाळचे सहा वाजतात तेव्हा त्याच्याकडे रात्रीचे अकरा झालेले असतात. तो जागाच असतो.